घरचं रक्त

२ मार्च, सोमवार

सुनेचा डावा हात यंत्राला जोडलेला असतो, उजवा मोकळा असतो. माझे दोन्ही हात मोकळे, पण अक्षराच्या कामाचे नाहीत. तोंड मात्र दोघींत माझंच चालतं. तेव्हा असं ठरलं की हे चार तास मी बोलायचं आणि तिनं लिहायचं. मी म्हटलं, सांगीन ते जसंच्या तसं लिहायचं, तुझ्याबद्दल वाईट आलं तरी गाळायचं नाही. ती म्हणाली, "वाईटच येणार, आई. म्हणून जाड वही आणलीय."

खोलीत नऊ खुर्च्या आहेत. निळ्या, पाठ मागे पडणाऱ्या, प्रत्येकीच्या उशाशी एक यंत्र. नळीतून रक्त जातं, धुतलं जातं, दुसऱ्या नळीतून परत येतं. मी बत्तीस वर्षं हॉटेलच्या धुलाईघरात चादरी धुतल्या, त्यामुळे मला हे यंत्र कुणी समजावून सांगावं लागलं नाही. फरक इतकाच की चादर धुतली की चार-सहा दिवस निघतात. सून दिवसाआड मळते. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

तिच्या दोन्ही किडन्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. माझा मुलगा लगेच म्हणाला, माझी घ्या. तपासण्या होईतो वर्ष गेलं, पण जुळली. तारीख ठरणार, तेवढ्यात हिच्या फुप्फुसात क्षय निघाला. तो पुरता बरा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणाले. गोळ्या, मग वाट बघणं, मग पुन्हा गोळ्या. आता छाती स्वच्छ झालीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा एकदा सगळं तपासू आणि तारीख धरू. फार दिवस काढू नका असंही म्हणाल्या, कारण हिचं हृदय थकत चाललंय.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर-खाली पोचवतो आणि घरी आला की स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा गप्प बसतो. आज मात्र शीळ घालत होता. सून हसतेय. हेही लिही म्हटलं.

६ मार्च, शुक्रवार

शेजारच्या खुर्चीवर मास्तर असतात. शाळेत भूगोल शिकवायचे. सात वर्षं त्याच खुर्चीवर आहेत, किडनीसाठी यादीत नाव आहे, बोलावणं येत नाही. आज म्हणाले, "आजी, तुमच्या सुनेचा चेहरा मध्यंतरी खडूसारखा झाला होता. आता बरा दिसतो." मी नुसती मान हलवली. त्यांना झोप लागल्यावर सुनेला म्हटलं, आता लिही. तिनं पेन थांबवलं. अगं लिही, वही आपली आहे, डॉक्टरीणबाई वाचायला येणार नाहीत.

मागच्या वर्षी हिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. चार पायऱ्या चढली की भिंत धरायची. डॉक्टरीणबाई सुया द्यायच्या, म्हणे यानं रक्त हळूहळू वाढेल. रक्ताची पिशवी मागितली तर म्हणाल्या, जिवावर बेतल्याशिवाय नाही. मला हे पटेना. तहानलेल्याला पाणी द्यायचं सोडून विहीर खणायची गोष्ट सांगतात तसं वाटलं.

आमच्या कोपऱ्यावर जुना दवाखाना आहे. तिथला डॉक्टर माझ्या शब्दाबाहेर नाही, त्याच्या लग्नाच्या चादरीसुद्धा मी धुतल्यात. त्याला म्हटलं, चढव रक्त, आणि परक्याचं नको, घरचं चढव. कुणा अनोळखी माणसाचं काय काय असतं त्यात. हिचा रक्तगट असा की कुणाचंही चालतं. तिच्या स्वभावातली तेवढी एकच गोष्ट सगळ्यांशी जमवून घेणारी. रक्तपेढीत आमच्या नावानं पिशव्या भरल्या, तपासून घेतल्या आणि चढवल्या. दोन मुलाच्या, दोन माझ्या. दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं. मी वय पंचावन्न सांगितलं. तिथल्या मुलीनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पण वाद घातला नाही.

दर पिशवीनंतर ही दोन आठवडे माणसात यायची. नातीला शाळेत सोडायला चालत गेली एकदा. इथं मात्र कुणाला बोलायचं नाही असं मी बजावलंय. उगाच डॉक्टरीणबाईंना राग यायचा.

१६ मार्च, सोमवार

आज शेवटच्या तपासणीचं रक्त घेतलं, सुनेचं आणि मुलाचं. मुलगा रजा काढून आला होता. सुई बघून त्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, किडनी द्यायला निघालास आणि टाचणीला घाबरतोस. म्हणाला, "किडनी काढताना झोपवतात, आई."

तिच्या रक्तातलं पाणी वेगळं काढतात, त्याच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढतात, दोन्ही एका नळीत घालतात आणि बघत बसतात. पेशी शांत राहिल्या तर जुळलं. मेल्या तर नाही. मी म्हटलं, पत्रिका बघतात तसंच की. सून म्हणाली, "बारा वर्षांपूर्वी नळीत घालून बघितलं असतं तर मी सुटले असते." जीभ आलीय तिला माझी.

२७ मार्च, शुक्रवार

जुळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. सून, मुलगा आणि मी. म्हणाल्या, नळीतल्या सगळ्या पेशी मेल्या. हिच्या रक्तात मुलाच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्यात, भरपूर. त्याची किडनी बसवली तर ती टेबलावरच काळी पडेल.

मी म्हटलं, दोन वर्षांत माझा मुलगा बदलला काय. त्या म्हणाल्या, तो नाही बदलला. हिचं शरीर बदललं. शरीरानं एकदा परक्या पेशी बघितल्या की त्यांची ओळख धरून ठेवतं, पुन्हा दिसल्या की तुटून पडतं. बाळंतपणातून होतं, दुसऱ्याच्या रक्तातून होतं, आधी बसवलेल्या किडनीतून होतं.

मला धुलाईघर आठवलं. रक्ताचा डाग गार पाण्यात ठेवला तर जातो. नवीन आलेली पोरगी हमखास तो उकळत्या पाण्यात टाकायची, की मग जन्मभर तो चादरीत. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "साधारण तसंच." मी खूश झाले. माझं डोकं अजून चालतं.

मग त्यांनी सुनेला विचारलं, "मधल्या काळात कुठं रक्त घेतलं होतं का?"

सून मांडीवरच्या फायलीकडे बघत म्हणाली, "नाही."

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. शहाणी आहे पोरगी, बजावलेलं विसरली नाही. नाहीतर एवढ्या वाईट दिवशी वर बोलणी खावी लागली असती.

बाळंतपणाचंच असणार. नात जन्मली तेव्हाही हिनं तीन दिवस घरदार जागं ठेवलं होतं.

२८ मार्च, शनिवार

आज घरी आहोत, तरी वही काढायला लावली.

मुलगा सकाळपासून जिन्यात बसला होता. जेवायला बोलावलं तर म्हणाला, "मी तिला चालत नाही म्हणे." आतून सून म्हणाली, "तुम्ही चालता. तुमची किडनी चालत नाही. वेगवेगळ्या गोष्टी आहेत त्या." तो उठून आत आला. जेवला. दुपारी झोपायच्या खोलीतून दोघांचा हळू आवाज येत होता. तो म्हणत होता, "सांगून टाकू या ना," आणि ती म्हणत होती, "सांगून काय परत जुळणार आहे? आईंना राहू दे."

मी विचारलं, काय राहू दे. ती म्हणाली, कपाट आवरायचं राहू दे.

८ एप्रिल, बुधवार

मी ठरवलं. माझी किडनी घ्या. एकसष्ट वर्षं वापरलीय, पण माल पक्का आहे. सून म्हणाली, "आई, नको." मी म्हटलं, सासूचा राग किडनीवर कशाला काढतेस.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, वय जास्त आहे, पण बघायला हरकत नाही. मुलाच्या अंगावर अर्धा ठसा आईचा असतो, अर्धा बापाचा. हिचं शरीर जर फक्त बापाच्या अर्ध्यावर चिडलं असेल, तर तुमची चालण्याची थोडी शक्यता आहे.

मला एकदम आशा वाटली. माझ्या नवऱ्यावर कुणीही चिडेल. पंधरा वर्षं झाली जाऊन, अजून मी चिडते.

मग त्या कागद भरायला लागल्या. मला कुठला आजार, कुठल्या गोळ्या, किती बाळंतपणं. माझ्या तब्येतीबद्दल त्यांच्या मनात शंका दिसली, म्हणून मी म्हटलं, "अहो, काळजी करू नका, माझ्या रक्ताचा गुण मी हिच्यावर बघितलाय. दोन पिशव्या दिल्यात मागच्या वर्षी. तरतरीत झाली होती. दोन मुलाच्याही." बोलून गेले आणि मग आठवलं की हे सांगायचं नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. पण त्यांनी सुनेकडे बघितलं आणि हळू म्हटलं, "मी विचारलं होतं तुम्हाला."

सून म्हणाली, "मी विसरले."

चार वेळा रक्त चढवलेलं कुणी विसरतं का. खोटं बोलावं तर जरा बेतानं. पण डॉक्टरीणबाईंनी पुढं काही विचारलं नाही. "तरी तपासू," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. माझ्या हातावर कशाला, आजारी ती आहे.

लिहिताना सून माझ्याकडे बघत नाहीये. बघ म्हटलं तरी बघत नाहीये.

२४ एप्रिल, शुक्रवार

माझीही नाही. आईच्या अर्ध्यावरही चिडलंय, बापाच्या अर्ध्यावरही. म्हणजे आमचं अख्खं घराणंच नको झालंय तिला.

हे मी हसवायला म्हटलं. कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. शंभर माणसं रांगेत उभी केली तर शहाण्णवांची किडनी हिला चालणार नाही. राहिले चार. रक्त धुऊन अँटिबॉडी काढण्याचा उपाय असतो, पण हिच्या इतक्या आहेत की धुऊन पुरणार नाही, आणि त्यासाठी जी औषधं द्यावी लागतात त्यांनी क्षय पुन्हा उठेल. आता मोठ्या यादीत नाव घालायचं. तिथं अदलाबदलही होते, म्हणजे मुलाची किडनी कुणा दुसऱ्याला आणि त्यांच्या माणसाची हिला. पण ते माणूसही त्या चारांतलंच हवं.

मुलानं विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." मग त्यानं विचारलं, "हृदय किती दिवस?" त्याचं उत्तर त्यांनी मला आणि सुनेला बाहेर पाठवून दिलं.

४ मे, सोमवार

आज मास्तर लिहितायत. सुनेला हृदयाच्या तपासणीला खाली नेलंय, वही आणि फाइल माझ्याकडे राहिली.

दहा दिवस एक गोष्ट मनात घोळत होती. बाळंतपणानं झालं म्हणावं, तर नात नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा तपासलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आणि तेव्हा जुळलं होतं.

मी मास्तरांना म्हटलं, एवढं वाचून दाखवा. फाइल पुढं केली. त्यांनी जुना कागद शोधला, तारीख वाचली, म्हणाले, "इथं काहीच अँटिबॉडी नाहीत. स्वच्छ." मग नवा कागद काढला. म्हणाले, "इथं शहाण्णव टक्के." मग दोन्ही कागद गुडघ्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. "मध्ये काय झालं, आजी?"

मी म्हटलं, मध्ये मी झाले.

ते म्हणाले, हे लिहू का. मी म्हटलं लिहा. मग त्यांना सगळं सांगितलं, कोपऱ्यावरचा दवाखाना, चार पिशव्या. त्यांनी ऐकलं. शिक्षक होते, कुठलं पोर खोटं बोलतंय ते बघून ओळखायचे म्हणे. म्हणाले, "तुमच्या सुनेला ठाऊक असणार. फाइल तिच्या हातात असते. तिला वाचता येतं."

तेव्हा मला मागचं एकेक दिसायला लागलं. तिचं ते "नाही". तिचं ते "विसरले". आणि हे सगळं मीच तिच्याकडून तिच्याच हातानं लिहून घेतलं. खूश होऊन.

मास्तर, बास. ती येतेय.

६ मे, बुधवार

आज आईंनी काही सांगितलं नाही.

८ मे, शुक्रवार

पुन्हा मास्तर. सुनेचा रक्तदाब उतरला, तिला झोप लागलीय. त्यांना म्हटलं, परवाचं पान वाचा बघू.

त्यांनी वाचलं. एक ओळ. मी म्हटलं, पुढचं. ते म्हणाले, पुढं काही नाही, पान कोरं आहे.

परवा मी तासभर बोलत होते. नळीकडे बघत बोलले, तिच्याकडे बघवत नव्हतं. पेन हलताना दिसत होतं कडेनं. कागदाला टेकवलंच नसेल.

तर मास्तर, आता तुम्ही लिहा, आणि टेकवून लिहा.

मागच्या वर्षी पहिल्या पिशवीच्या वेळी सून म्हणाली होती, "आई, डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलंय ना." मी म्हटलं, डॉक्टरीणबाई येणार आहेत का तुझ्या पोरीची वेणी घालायला. तिनं हात पुढं केला. दुसऱ्या वेळी काही म्हणाली नाही. तिसऱ्या वेळी मी तिला ओढत नेलं, ताप होता तरी. चौथी पिशवी तर गरजेचीही नव्हती, बरी होती त्या आठवड्यात. मीच म्हटलं, अजून एक घेऊन टाक, चेहऱ्यावर लाली येईल. मला लाली बघायची होती. एवढंच कारण.

रक्तातून तिच्या शरीरानं आम्हा दोघांची तोंडं पाठ केली. आता आम्ही दाराशी जरी गेलो तरी ते ओळखतं. आणि ओळखल्यावर आत घेत नाही.

हे सगळं परवा सांगून मी तिला म्हटलं होतं, आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. ती म्हणाली, "पिशवी चढली की मला बरं वाटायचं, आई. खोटं नाही. पोरीला शाळेत सोडलं होतं मी त्या वेळी." मी म्हटलं, दोन आठवड्यांच्या बरं वाटण्याची किंमत काय पडली बघ. ती म्हणाली, "ते तुम्हाला ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, तुला होतं, तू मला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "सांगितलं असतं तर घरात दोन आजारी झाले असते. मला एकच झेपतो."

मास्तर विचारतायत, त्या कोऱ्या पानावर काट मारू का. नको. राहू दे. बारा वर्षांत तिनं माझं एवढं एकच ऐकलं नाही. वर्षभर आधी ऐकलं नसतं तर आज मुलाची किडनी तिच्या पोटात असती.

थांबा, नर्स आलीय.

नंतर. सून वजन करायला गेलीय, तेवढ्यात हे लिहून घ्या मास्तर.

नर्स मोठ्या यादीचा फॉर्म घेऊन आली होती. सून जागी झाली, फॉर्म लावलेली फळी मांडीवर घेतली आणि भरायला लागली. मी एकेक विचारत होते, ती वाचून दाखवत होती. नाव. वय. डायलिसिस कधीपासून. बाळंतपणं किती. एक. मग तिचं पेन जरा थांबलं. मी विचारलं, काय विचारतायत.

"याआधी रक्त घेतलंय का."

मी म्हटलं, इथं तरी खरं लिही. या चार माणसांतलं एक शोधायचंय त्यांना. चुकीचं लिहिलं तर चुकीचं शोधतील.

"लिहिते ना." तिनं लिहिलं. या वेळी मी पेनाच्या टोकाकडे बघत होते. टेकलं होतं. "चार पिशव्या, असं लिहिलंय."

"आणि कुणाचं ते?"

तिनं कागद जरा जवळ धरला.

"ते लिहायला जागा नाहीये, आई."

आणि पुढच्या ओळीवर गेली. मी मास्तरांकडे बघितलं. फॉर्म त्यांना त्यांच्या खुर्चीवरून दिसत होता. मास्तर छताकडे बघत होते.

आत्ताही ते इथंच आहेत, माझं बोलणं लिहून घेतायत. जागा होती की नव्हती, विचारलं तर सांगतील. खोटं बोलणार नाहीत, मास्तर आहेत.

मी विचारलेलं नाही.